आयपर्फ३ : घरच्या नेटवर्कमधला अडथळा नेमका कुठे, हे मोजून दाखवणारे मोफत साधन

घरातल्या एका संगणकावरून दुसऱ्यावर मोठी फाइल पाठवताना वेग मंदावला की बहुतेक जण राउटर बदलायला निघतात किंवा इंटरनेट पुरवणाऱ्या कंपनीकडे तक्रार नोंदवतात. मूळ दुखण्याशी या दोन्ही उपायांचा पुष्कळदा काहीच संबंध नसतो. घरातल्या घरात होणारी फाइलची ने-आण इंटरनेटवर जातच नाही. फाइल एका संगणकाच्या डिस्कवरून निघते, नेटवर्क कार्डातून केबलमध्ये किंवा हवेत उतरते, राउटर किंवा स्विचमधून वळते आणि दुसऱ्या संगणकाच्या डिस्कवर पोहोचते. इंटरनेटचा प्लॅन ४० एमबीपीएसचा (सेकंदाला ४० मेगाबिट) असो वा ३०० एमबीपीएसचा, या प्रवासाला त्याने फरक पडत नाही, आणि म्हणूनच ब्राउझरमधल्या स्पीड टेस्टचा आकडाही येथे कामाचा नसतो. या वाटेतला कोणता टप्पा अडून बसला आहे हे शोधण्यासाठी जी साधने मी वापरली, त्यांपैकी आयपर्फ३ हे मला सर्वांत विश्वासाचे वाटले.

हा प्रोग्रॅम ईएसनेटने घडवला आहे. ईएसनेट म्हणजे अमेरिकेच्या ऊर्जा विभागाच्या प्रयोगशाळांना जोडणारे संशोधन-नेटवर्क. त्याचा कारभार लॉरेन्स बर्कली राष्ट्रीय प्रयोगशाळेतून चालतो. प्रचंड आकाराची वैज्ञानिक माहिती दूरवर पाठवणाऱ्यांना जे मोजमाप लागते, तेच दोन खोल्यांच्या घरातही जसेच्या तसे लागू पडते. प्रोग्रॅम मुक्त स्रोताचा, बीएसडी परवान्याखालचा आहे. त्यासाठी एक रुपयाही मोजावा लागत नाही, खाते उघडावे लागत नाही आणि त्यात जाहिराती नाहीत.

त्याचा खरा गुण त्याच्या कार्यपद्धतीत आहे. आयपर्फ३ एका संगणकाच्या मेमरीत माहिती तयार करतो, नेटवर्कवरून दुसऱ्या संगणकाच्या मेमरीत पोहोचवतो आणि तेथेच टाकून देतो. दोन्ही बाजूंच्या डिस्कला, फोल्डर शेअरिंगला किंवा अँटिव्हायरसच्या फाइल-तपासणीला तो स्पर्शही करत नाही. त्यामुळे अवघ्या दहा सेकंदांच्या चाचणीत प्रश्नाचे दोन तुकडे होतात: आकडा चांगला आला तर दोष नेटवर्कच्या बाहेर, आणि आकडा वाईट आला तर दोष केबल, पोर्ट, वाय-फाय किंवा नेटवर्क कार्ड यांपैकी कशात तरी. एवढी स्वच्छ विभागणी नुसती फाइल कॉपी करून आणि घड्याळ पाहून कधीच होत नाही.

वापर सोपा आहे, मात्र त्याला खिडक्या आणि बटणे नाहीत, सगळे काम कमांड प्रॉम्प्टवर किंवा टर्मिनलमध्ये करावे लागते. उबुंटू किंवा डेबियनमध्ये तो नेहमीच्या पॅकेज भांडारात मिळतो, मॅकवर होमब्रू या पॅकेज-व्यवस्थापकातून घेता येतो. एका संगणकावर प्रोग्रॅमच्या नावापुढे वजा चिन्ह आणि इंग्रजी ‘एस’ लिहून त्याला सर्व्हर करायचे, दुसऱ्यावर वजा ‘सी’ आणि पहिल्या संगणकाचा आयपी पत्ता द्यायचा, एवढ्याने चाचणी सुरू होते. दर सेकंदाला एक ओळ उमटते आणि शेवटी सरासरी येते. विंडोजवर जोडणी होत नसेल तर आधी फायरवॉल पाहावी. नेटवर्क ‘पब्लिक’ प्रकारात नोंदलेले असेल तर बाहेरून येणारी जोडणी अडवली जाते. ते ‘प्रायव्हेट’ करून आयपर्फ३ ला परवानगी दिली की, दुसऱ्या कोणत्या सुरक्षा-प्रोग्रॅमने ५२०१ हा आयपर्फ३ चा नेटवर्क-पोर्ट (जोडणीचा क्रमांक) अडवला नसेल तर, काम पुढे सरकते.

आता आकड्यांकडे वळू, कारण या साधनाचे मोल आकडे वाचता येण्यावरच अवलंबून आहे. आयपर्फ३ मेगाबिटमध्ये बोलतो आणि विंडोजची कॉपीची खिडकी मेगाबाइटमध्ये. आठाने भागल्याशिवाय दोहोंची तुलना करू नये. गिगाबिट जोडणीवर, पॅकेटांच्या (माहितीच्या लहान तुकड्यांच्या) शीर्षकांचा वाटा वजा जाता, ९४० ते ९५० मेगाबिट मिळतात आणि कॉपीच्या खिडकीत ते सेकंदाला सुमारे ११२ एमबी दिसतात (विंडोज एमबी १०२४ च्या पटीत मोजते, म्हणून नुसत्या भागाकारापेक्षा थोडे कमी). वाचन ९४-९५ च्या आसपास चिकटून राहिले, म्हणजेच कॉपी ११ एमबीच्या वर जात नसेल, तर वाटेत कोठेतरी जोडणी १०० एमबीपीएसवर उतरली आहे हे जवळजवळ निश्चित समजावे. हा आकडा इतका स्थिर असतो की तो पाहताच निदान अर्धे झालेले असते.

आमच्या घरी नेमके हेच वाचन आले होते. जुन्या डेस्कटॉपवरील कौटुंबिक छायाचित्रे आणि चित्रफिती नव्या संगणकावर न्यायच्या होत्या. दोन्ही यंत्रे गिगाबिटची, राउटरही गिगाबिटचा, आणि तरीही आकडा ९४ वर अडलेला. केबल एकेक करून बदलत गेल्यावर भिंतीतून गेलेल्या केबलवर येऊन शोध थांबला. तिच्या टोकाच्या प्लगमध्ये आठांपैकी चारच तारा बसवलेल्या होत्या. १०० एमबीपीएसच्या इथरनेटला १, २, ३ आणि ६ या क्रमांकांच्या चार तारा पुरतात, पण तांब्याच्या केबलवरील गिगाबिट, म्हणजे १९९९ साली प्रमाणित झालेला १०००बेस-टी, आठ तारांच्या चारही जोड्या एकाच वेळी वापरतो. चार तारांची केबल लावली की काही कार्डे गिगाबिटचे प्रयत्न सोडून मुकाट्याने १०० वर उतरतात, तर काहींची जोडणी सारखी तुटत राहते. दोन्ही प्लग नव्याने, आठही तारांसह क्रिंप करून घेतल्यावर त्याच भिंतीतल्या त्याच केबलवर ९४१ हा आकडा आला. नवा राउटर घेतला असता तर पैसे गेले असते आणि दुखणे तसेच राहिले असते.

या निमित्ताने केबल विकत घेणाऱ्यांना एक सूचना करावीशी वाटते. घरातल्या अंतरांसाठी खऱ्या तांब्याची कॅट ५ई केबल गिगाबिटला पूर्ण पुरते. ती १०० मीटरपर्यंत चालते. मात्र बाजारात कॅट ६ असा छाप मारलेल्या, आतून ॲल्युमिनियमच्या आणि वरून तांब्याचा मुलामा दिलेल्या केबलही स्वस्तात मिळतात. त्या कॅट ६ च्या मानकात बसत नाहीत आणि वाकवताना लवकर तुटतात, म्हणून वेष्टनावर ‘सीसीए’ ही अक्षरे दिसली तर ती केबल भिंतीत घालू नये. केबल निर्दोष असूनही ९४ चाच आकडा येत असेल तर राउटरचे पोर्ट तपासावेत. इंटरनेट जोडणीसोबत मिळणाऱ्या अनेक साध्या राउटरचे लॅन पोर्ट १०/१०० चेच असतात, मग खोक्यावर वाय-फायचा आकडा कितीही मोठा छापलेला असो. अशा वेळी हजार-दीड हजार रुपयांचा पाच पोर्टचा गिगाबिट स्विच दोन्ही संगणकांच्या मध्ये लावणे हा माझ्या मते सर्वांत शहाणपणाचा खर्च आहे.

चाचणी एकाच दिशेने करून थांबणे योग्य नाही. कॅपिटल ‘आर’ हा पर्याय दिला की दिशा उलटते आणि सर्व्हर माहिती पाठवू लागतो. दोन्ही दिशांच्या आकड्यांत मोठी तफावत आली तर ड्रायव्हर, वाय-फायचा दुबळा संकेत किंवा डुप्लेक्सची (एकाच वेळी दोन्ही दिशांनी बोलायचे की आळीपाळीने, या ठरावाची) विसंगती यांचा संशय घ्यावा. कोणीतरी पूर्वी एका बाजूला वेग आणि डुप्लेक्स हाताने ठरवून ठेवलेले असतात आणि दुसरी बाजू ‘ऑटो’वर असते, १०० एमबीपीएसच्या जोडणीवर अशा वेळी ऑटोवरील बाजू अर्ध-डुप्लेक्स, म्हणजे आळीपाळीने बोलणे, गृहीत धरते आणि गर्दी वाढताच वेग कोसळतो. दोन्ही बाजू ऑटोवर ठेवणे हाच त्यावरचा उपाय. लिनक्सवर आयपर्फ३ पुन्हा पाठवाव्या लागलेल्या पॅकेटांची संख्याही स्वतंत्र रकान्यात दाखवतो. तारेच्या जोडणीवर ती संख्या चाचणीभर वाढतच राहिली तर केबल किंवा पोर्ट बदलून पाहावा.

वाय-फायच्या बाबतीत आयपर्फ३ अनेकांचा भ्रम दूर करतो. विंडोज वाय-फायचा जो वेग दाखवते तो रेडिओचा जोडणी-वेग असतो. प्रत्यक्ष फाइलींना त्याचा निम्मा किंवा त्याहून थोडा अधिक भाग मिळतो. दोन अँटेनांचा, ८० मेगाहर्ट्झ रुंदीच्या चॅनेलवरचा ५ गिगाहर्ट्झचा ‘एसी’ (वाय-फाय ५) पिढीचा लॅपटॉप ८६७ एमबीपीएस दाखवतो आणि त्याच खोलीत ५०० ते ६०० मेगाबिट देतो. मध्ये काँक्रीटची भिंत आली की हा आकडा झपाट्याने घसरतो, आणि २.४ गिगाहर्ट्झवर तर शेजारच्या सगळ्या घरांचे राउटर एकमेकांवर न चढणाऱ्या त्याच तीन चॅनेलांसाठी झगडत असतात. शिवाय दोन्ही संगणक एकाच राउटरच्या एकाच बँडवर वाय-फायने जोडलेले असतील तर प्रत्येक पॅकेट हवेतून दोनदा जाते, एकदा राउटरकडे आणि एकदा राउटरकडून, त्यामुळे उपलब्ध वेग सुमारे निम्मा होतो. दोहोंपैकी एक संगणक केबलने राउटरला जोडून तीच चाचणी पुन्हा केली की हा फरक आकड्यांत स्पष्ट दिसतो. मोठी फाइल हलवायची असेल तेव्हा निदान एक टोक तारेवर असावे, असे मी आग्रहाने सांगेन.

आयपर्फ३ ९४१ सांगतो आणि कॉपी मात्र रखडते, अशी अवस्था आली की या साधनाचे काम संपते. शोध आता डिस्ककडे आणि फाइल शेअरिंगकडे वळवावा लागतो. यूएसबी २.० च्या पोर्टाला लावलेली बाह्य डिस्क ३५-४० एमबीच्या पुढे क्वचित जाते. लॅपटॉपमधली फिरती हार्ड डिस्क एक मोठी चित्रफीत शंभर एमबीच्या आसपास वाचते, पण हजारो लहान छायाचित्रे वाचताना तिचा वेग काही एमबीवर येतो, कारण प्रत्येक फाइलसाठी डिस्कचा काटा नव्या जागी जातो. त्यातच शेअरिंगच्या एसएमबी पद्धतीत प्रत्येक फाइल उघडण्या-मिटण्यासाठी दोन्ही संगणकांत स्वतंत्र निरोपांची देवघेव होते, आणि अँटिव्हायरस प्रत्येक नवी फाइल तपासतो. आमच्या छायाचित्रांचे हेच झाले; केबल सुधारल्यावर चित्रफिती धावल्या, पण छायाचित्रे संथच राहिली. विंडोजमधल्या रोबोकॉपी या कमांडच्या कॉपी-साधनाला एकाच वेळी अनेक फाइली हलवायला लावणारा ‘एमटी’ पर्याय दिल्यावर त्यांचाही वेग सुधारला. विंडोज ११ च्या २४एच२ या आवृत्तीपासून प्रो आणि एंटरप्राइजमध्ये एसएमबीची स्वाक्षरी, म्हणजे प्रत्येक निरोप वाटेत बदलला नाही याची खूण, सक्तीची झाली आहे. जुन्या प्रोसेसरवर तिचा भार जाणवू शकतो, पण ती सुरक्षेसाठी आहे, म्हणून वेगासाठी ती बंद करण्याची शिफारस मी करणार नाही.

उणिवाही सांगितल्या पाहिजेत. आयपर्फ३ जुन्या आयपर्फ २ शी बोलत नाही, त्यामुळे दोन्ही टोकांना आयपर्फ३ च हवा. ज्यांना कमांड प्रॉम्प्टची सवय नाही, त्यांना पहिल्यांदा कोणीतरी शेजारी बसून दाखवावे लागेल. सर्वांत मोठी अडचण विंडोजची आहे. निर्माते विंडोजसाठी अधिकृत तयार फाइल देत नाहीत, आणि २०१६ सालची ३.१.३ ही आवृत्ती आजही अनेक जण शोधून उतरवून घेतात. ती घेऊ नये, ३.१६ पासून समांतर प्रवाह (एकाच चाचणीतल्या अनेक जोडण्या) प्रोसेसरच्या वेगवेगळ्या गाभ्यांवर चालतात, म्हणून त्यानंतरची, विश्वासाच्या ठिकाणाहून मिळालेली आवृत्ती निवडावी. स्वतः मायक्रोसॉफ्टनेही २०२४ साली विंडोजवर आयपर्फ३ न वापरण्याचा सल्ला देऊन त्याऐवजी आपले एनटीटीटीसीपी हे वेग मोजणारे साधन सुचवले आहे. गिगाबिटपर्यंतच्या घरगुती जोडणीत विंडोजवरही आयपर्फ३ चे आकडे मला कामाचे वाटले. २.५ गिगाबिटची कार्डे लावलेल्या घरात सुमारे २.३५ गिगाबिटचे वाचन अपेक्षित असते. तेथे दोन्ही टोकांना विंडोज असेल आणि आकडा कमी आला, तर केबलला दोष देण्यापूर्वी तीच चाचणी एनटीटीटीसीपीने किंवा पेन ड्राइव्हवरून सुरू केलेल्या लिनक्सवरून पुन्हा करून पाहावी.