गावासाठी पैसे काढून ठेवलेत: पाण्याचं मशीन की गटाला फिरता निधी?

दिवाळीत गावी गेलं की पारावर कोणीतरी विषय काढतोच, बाहेर कमावता तर गावासाठी काहीतरी करा. करायचं ठरवलं की बहुतेकांपुढे दोनच पर्याय येतात: पिण्याच्या पाण्याचं आरओ मशीन, नाहीतर बायांच्या बचत गटाला फिरता निधी, म्हणजे एकीनं फेडला की दुसरीला मिळणारा पैसा. आम्ही वर्गातल्या सहा जणांनी बोरी नदीकाठच्या आमच्या गावात दोन्ही करून पाहिलं. मोजमाप काही केलेलं नाही. जे दिसलं ते सांगतो, तुमच्या गावात वेगळंही दिसेल.

आमचंही मन आधी पाण्याकडेच गेलं. बोअरचं पाणी मचूळ, डाळ शिजता शिजत नाही, हंड्याला पांढरी पुटं. मशीन बसलं, नारळ फुटला, पाच रुपयांत वीस लिटरचा जार मिळू लागला. फरक पहिल्याच चहात कळला. जेवढं गोड पाणी निघतं तेवढंच, कधी त्याहून जास्त, खारं पाणी गटारीत जातं हे डोळ्यांना खुपतं, पण ते सोडून देऊ. पाण्याची एक बाजू गटाला कधीच गाठता येणार नाही. पाणी अख्ख्या गावाला मिळतं. गटाचा पैसा दहा-बारा जणींत फिरतो आणि सगळ्यात गरीब बाई बहुतेकदा गटात नसतेच, कारण घर सहा महिने ऊसतोडीला.

मग माझं मन फिरलं कशानं? फोननं.

पहिल्या वर्षी आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, फोन आला. माहेरवाशिणी आलेल्या, घरं भरलेली, ऊन मी म्हणतंय आणि, “भाऊ, मशीन बंद पडनं, आते काय करानं?” मेंब्रेन, म्हणजे आतली बारीक गाळणी, क्षारानं चोंदलं होतं. दुरुस्तीवाला पंधरा दिवस ‘उद्या येतो’ म्हणत राहिला. खर्च आठ-नऊ हजारांचा. रोजची पाच-पाच रुपयांची नाणी कुठे गेली विचारलं, तर थोडी लाइट बिलात आणि उरलेली कोणाकडे याचा पत्ता नाही. शेवटी पैसे आम्हीच पाठवले. श्रावणात कानबाईच्या सणाच्या तोंडावर मोटर जळाली, पुन्हा फोन. पुढच्या आखाजीला पुन्हा. साडेचार लाखांचं मशीन बंद, बाया हातपंपावर, आणि आमच्या नावांची संगमरवरी पाटी चकाचक. गावाला दोष द्यायला जीभ उचलत नाही. पांझरा नदीवरची फड पद्धत, म्हणजे शेतकऱ्यांनी मिळून पाटाचं पाणी वाटून घ्यायची रीत, पिढ्यान् पिढ्या चालली ती याच खान्देशात. तिथे पाणी वाटायला पाटकरी असायचा आणि त्याची पोटगी शेतकरीच द्यायचे. आम्ही मशीन दिलं, पाटकरी नेमायचं सुचलंच नाही.

त्याच सुमारास तीन गटांना वीस-वीस हजार दिले होते, बिनव्याजी, दोन वर्षांनी पुढच्या गटाला द्यायच्या बोलीवर. कोणी शेळी घेतली, कोणी शिलाई मशीन, एकीनं मुलाची कॉलेजची फी भरली (बोलीत ते नव्हतं, पण आम्ही कोण विचारणारे). आपसात महिना दोन टक्के व्याज, म्हणजे स्वस्त नाहीच, पण ते व्याज गटातच राहतं. एका वर्षी वेचणीत पाऊस आला, कापूस भिजला आणि एक गट अडकला. त्यांनी बैठक घेऊन मुदत वाढवली आणि वहीत लिहून टाकलं. मला हे चार महिन्यांनी, तेही लग्नात पंगतीत कळलं. फोन आला नाही!

फक्त गट आणि फायनान्सवाले यांची गल्लत करू नका. महम्मद युनूस यांनी 1976 साली बांगलादेशातल्या जोबरा गावात गरिबांना खिशातून पैसे उसने दिले, 1983 ला अशी छोटी कर्जं देणारी ग्रामीण बँक झाली, 2006 ला नोबेल मिळालं. पण गरिबांना छोटी कर्जं याच नावाखाली फायनान्स कंपन्यांनी आंध्रात इतकं कर्ज वाटलं की 2010 मध्ये सरकारला मध्ये पडावं लागलं. आपल्याकडेही आठवड्याचा हप्ता घ्यायला पोरगा सकाळीच ओट्यावर येऊन बसतो. कापसाचा पैसा येतो दिवाळीच्या पुढेमागे, तो आठवड्याला कुठून द्यायचा? किवासारख्या संकेतस्थळावरून कुठल्या गरजू बाईला पंचवीस डॉलर उसने देणाऱ्यांनीही ध्यानात ठेवावं, तुम्ही व्याज घेत नाही, पण तिथली संस्था त्या बाईकडून बहुधा घेते.

पाणी मुरवायला शिरपूरसारखे नाले खोल करायचे म्हणाल तर ते पोकलेनचं काम, सहा मित्रांच्या खिशाचं नाही. साक्री तालुक्यातल्या बारीपाड्याला पाणी परत आलं ते चैत्राम पवारांसोबत गावानं जंगल राखलं म्हणून. तिथे देणगीदाराला फारसं कामच नव्हतं.

तुमच्या गावात टँकर येत असेल तर माझं ऐकू नका, आधी पाणीच बघा. एरवी मी म्हणेन, गट. पैसे देण्याआधी हजेरीची आणि कर्जाची वही मागा. दाखवायला कां-कू केली, तर मशीनच बसवा. निदान पाटी तरी दिसेल.