ब्लडशॉट रेकॉर्ड्स : काही महिने मनसोक्त ऐकल्यानंतर

कंट्री, म्हणजे अमेरिकेतलं गावाकडचं संगीत, काढणाऱ्या शिकागोच्या ब्लडशॉट रेकॉर्ड्स या लेबलचा (रेकॉर्ड कंपनीचा) विषय निघाला की बहुतेक जण तीनच नावं घेतात. रायन ॲडम्सचा ‘हार्टब्रेकर’, नीको केसचे सुरुवातीचे अल्बम आणि ओल्ड नाइन्टीसेव्हन्सचा ‘रेक युअर लाइफ’. मीही तिथूनच आत शिरलो. पण गेले कित्येक महिने या एकाच लेबलचं जवळजवळ रोज ऐकतोय, त्यातलं बरंचसं विकत घेतलंय, आणि आता माझं ठाम मत झालंय की खरा ऐवज या तीन नावांच्या मागे आहे. जे इथून निघून मोठे झाले त्यांच्यापेक्षा जे इथेच रमले, किंवा बाहेर जाऊन परत आले, त्यांनी हे लेबल घडवलं. नव्याने ऐकणाऱ्याने उगाच वर्षभर तीन अल्बमांभोवती घुटमळू नये म्हणून हे सविस्तर लिहितोय.

आधी थोडं लेबलबद्दल. नॅन वॉर्शॉ, रॉब मिलर आणि एरिक बॅबकॉक या तिघांनी ते सुरू केलं आणि १९९४ साली पहिला अल्बम काढला, ‘फॉर अ लाइफ ऑफ सिन’. शिकागोतल्या वेगवेगळ्या गायकांचं आणि बँड्सचं हे संकलन. त्याच्या उपशीर्षकातच त्यांनी या संगीताला ‘इनसर्जंट कंट्री’, म्हणजे बंडखोर कंट्री, असं नाव देऊन टाकलं. कंट्रीची राजधानी मानल्या जाणाऱ्या नॅशव्हिलमध्ये तेव्हा स्टेडियम भरणारं गुळगुळीत कंट्री जोरात होतं. या मंडळींचे कान पंक, म्हणजे आक्रमक, खरखरीत रॉक, ऐकून तयार झालेले आणि जीव जुन्या कंट्री गायक हँक विल्यम्समध्ये अडकलेला. दोन्हीत दारू, कर्ज, मोडलेली घरं आणि तीन-चार कॉर्ड्स. त्यामुळे जोडणी ओढूनताणून केल्यासारखी वाटत नाही.

शिकागो आणि कंट्री हे ऐकायला विचित्र वाटेल, पण शिकागोच्या डब्ल्यूएलएस रेडिओवर ‘नॅशनल बार्न डान्स’ हा कंट्रीचा कार्यक्रम १९२४ मध्ये सुरू झाला, नॅशव्हिलच्या ‘ग्रँड ओल ऑप्री’च्या आदल्या वर्षी. दुसऱ्या महायुद्धानंतर ॲपलाचियाच्या डोंगराळ भागातून हजारो कुटुंबं कारखान्यांत काम शोधायला शिकागोत आली आणि अपटाउन वस्तीत राहिली. त्यांच्यासोबत त्यांची गाणीही आली. हे माहीत झाल्यावर मला त्या पहिल्या संकलनाचा सूर नीट कळला. ही गावाकडची नक्कल करणारी शहरी पोरं नव्हेत. हे संगीत त्यांच्या शहरात आधीपासून होतं.

माझा पहिला सल्ला म्हणूनच संकलनांपासून सुरुवात करण्याचा आहे. ‘फॉर अ लाइफ ऑफ सिन’ मध्ये रॉबी फुल्क्स, जॉन लँगफर्ड, फ्रीकवॉटर, हँडसम फॅमिली असे लोक एकत्र भेटतात. नंतर ‘डाउन टू द प्रॉमिस्ड लँड’ हा २००० सालचा दुहेरी अल्बम घ्या. लेबलची पाच वर्षं झाली म्हणून काढलेला, भरगच्च. सगळी गाणी सारख्या तोलाची नाहीत, काही तर मी आता सरळ पुढे ढकलतो. पण कोणाच्या मागे जायचं हे दोन-तीन वेळा ऐकलं की आपोआप ठरतं. ‘तुम्हाला हेही आवडेल’ म्हणून एकामागून एक गाणी वाजवणाऱ्या ॲपवर मला हे कधी जमलं नाही, कारण तिथे प्रत्येक गाणं आधीच्या गाण्यासारखंच असतं. इथे एका रडव्या वॉल्ट्झनंतर अचानक कोणीतरी गिटार बदडत येतो.

आता फुल्क्स. माझ्या दृष्टीने या लेबलचा सगळ्यात मोठा माणूस. नॅशव्हिलमध्ये पगारी गीतकार म्हणून राहून आलेला. १९९६ चा ‘कंट्री लव्ह साँग्ज’ आणि १९९७ चा ‘साउथ माउथ’ हे त्याचे पहिले दोन अल्बम. दुसऱ्यात त्याने नॅशव्हिललाच अशी शिवी हासडलीय की गाण्याचं नाव इथे लिहिता येत नाही. मग तो मोठ्या कंपनीकडे, गेफेनकडे, गेला. पुढे स्वतःच अल्बम काढून पाहिला, दुसऱ्या लेबलकडे राहिला आणि २०१३ मध्ये ‘गॉन अवे बॅकवर्ड’ घेऊन इथे परतला.

‘गॉन अवे बॅकवर्ड’ मी सगळ्यात जास्त ऐकला. गिटार, बँजो, फिडल असा अकूस्टिक मेळ. रेकॉर्डिंग स्टीव्ह अल्बिनीचं. कर्कश रॉकसाठी ओळखला जाणारा हा माणूस स्वतःला निर्माता म्हणवून घेत नसे आणि रॉयल्टीही घेत नसे. माइक नीट लावायचा आणि बाजूला व्हायचं ही त्याची रीत. ती इथे ऐकू येते. रात्री हेडफोन लावून ऐका. बोट तारेवरून सरकतं तो बारीक चर्र आवाज, ओळ सुरू करण्याआधी घेतलेला श्वास, फिडलचा गज तारेवर टेकतो तो क्षण, सगळं जागच्या जागी आहे. कुठेही प्रतिध्वनीचा मुलामा नाही. ‘दॅट्स व्हेअर आय’म फ्रॉम’ या गाण्यात शहराच्या उपनगरात बरं चाललेला एक माणूस आपण कुठून आलो ते सांगतो. तक्रार नाही, गळा काढणं नाही. गाव सोडून नोकरीसाठी शहरात आलेल्या आणि आता गावाकडच्या घराला कुलूप असलेल्या कुठल्याही मराठी माणसाला हे गाणं समजावून सांगावं लागणार नाही. माझ्या वडिलांना इंग्रजी गाण्यांचं वावडं आहे. त्यांना मी अर्थ सांगत ऐकवलं तर म्हणाले, “परत लाव.”

त्यापुढचा ‘अपलँड स्टोरीज’ २०१६ चा. लेखक जेम्स एजी आणि छायाचित्रकार वॉकर एव्हान्स १९३६ साली अलाबामात, वाट्याने कापूस पिकवणाऱ्या गरीब कुटुंबांमध्ये जाऊन राहिले होते. त्या अनुभवाच्या आधारावर यातली काही गाणी रचली आहेत. परक्या माणसाने दुसऱ्याच्या गरिबीकडे पाहायचं म्हणजे काय, ही अडचण तो गाण्यात लपवत नाही. या अल्बमला ग्रॅमीचं नामांकन मिळालं. मला मात्र तो ‘गॉन अवे बॅकवर्ड’पेक्षा एक पायरी खाली वाटतो, कारण मधली काही गाणी फार सावकाश जातात. तरी तो घ्याच.

दुसरं नाव स्प्लिट लिप रेफील्ड. कॅन्ससमधल्या विचिटाचा हा बँड. ड्रम नाहीत, वेग मात्र असा की पहिल्यांदा ऐकताना प्लेअर बिघडला की काय असं वाटावं. गिटार, बँजो, मँडोलिन आणि जेफ ईटनचा बास. हा बास म्हणजे गाडीची पेट्रोलची टाकी, तिला लाकडी दांडा आणि त्यावर गवत कापायच्या यंत्रात लागते ती नायलॉनची एकच दोरी. आपल्याकडच्या तुणतुण्याचा हा दांडगा मोठा भाऊ! तुणतुण्यासारखंच एका तारेवर सगळं भागवायचं, फक्त इथे आवाज पोटात घुमतो. बासची ती दोरी ऐकू यायला जरा बरे स्पीकर हवेत. मोबाइलच्या स्पीकरवर ती गायबच होते आणि मग उरतं ते नुसतं किणकिणणं. २००१ चा ‘नेव्हर मेक इट होम’ घ्या. गिटार वाजवणारा कर्क रंडस्ट्रॉम २००७ मध्ये कर्करोगाने गेला. ते कळल्यानंतर या बँडची मृत्यूवरची, एरवी उडती वाटणारी गाणी मला पुन्हा पहिल्यापासून ऐकावी लागली.

जॉन लँगफर्डच्या वॅको ब्रदर्स या बँडबद्दल माझं मत जरा वेगळं आहे. लँगफर्ड मूळचा वेल्समधल्या न्यूपोर्टचा, इंग्लंडमधल्या मेकॉन्स या पंक बँडचा, आणि शिकागोत येऊन कंट्रीच्या प्रेमात बुडालेला. १९९५ चा ‘टू द लास्ट डेड काउबॉय’ जबरदस्त आहे, कामगारांच्या बाजूने ओरडून गाणारा. पण त्यांचे तीन अल्बम सलग ऐकले तर चौथ्याला कान थकतात. हे स्टेजवरचं संगीत आहे आणि खोलीत त्याची निम्मीच मजा येते.

लँगफर्डचं मला सगळ्यात भिडलेलं काम त्याच्या पाइन व्हॅली कॉस्मोनॉट्स या जमवाजमवीतलं, २००२ चा ‘द एक्झिक्यूशनर्स लास्ट साँग्ज’. इलिनॉय राज्यात १९७७ नंतर १२ जणांची फाशीची शिक्षा अमलात आली आणि १३ जण फाशीच्या कोठडीतून निर्दोष ठरून सुटले. हा हिशेब समोर आल्यावर राज्यपाल जॉर्ज रायन यांनी २००० मध्ये शिक्षेची अंमलबजावणी थांबवली. तिथल्या फाशीविरोधी मोहिमेला पैसे उभे करण्यासाठी हा अल्बम निघाला. खुनाची, फासाची, तुरुंगाची जुनी गाणी वेगवेगळ्या गायकांनी गायली आहेत, नीको केस आणि स्टीव्ह अर्लसुद्धा. खुनाची गाणी गाऊन फाशीला विरोध करायचा, ही कल्पनाच मला थोर वाटते. गुन्हा किती भयंकर आहे हे ते झाकत नाहीत आणि तरीही नको म्हणतात. इलिनॉयने २०११ मध्ये फाशी रद्द केली.

गाजलेल्यांबद्दल थोडक्यात. ‘हार्टब्रेकर’ (२०००) चांगलाच आहे. गिलियन वेल्च आणि डेव्हिड रॉलिंग्ज त्यात आहेत, एमिलू हॅरिसचा आवाज एका गाण्यात असा मिसळतो की अंगावर काटा येतो, पण उत्तरार्ध लांबतो. नीको केसचा ‘फर्नेस रूम लल्लबाय’ (२०००) आवाजासाठी ऐकावाच. जस्टिन टाउन्स अर्लचा ‘हार्लेम रिव्हर ब्लूज’ (२०१०) या गाजलेल्यांमधला माझा सगळ्यात आवडता. जस्टिन २०२० मध्ये गेला, अवघ्या अडतिसाव्या वर्षी.

आता जे लिहायला जड जातं ते. २०१९ च्या सुरुवातीला या लेबलची गुणी गायिका लिडिया लव्हलेस हिने जाहीरपणे सांगितलं की नॅन वॉर्शॉ यांच्या जोडीदाराकडून तिला बराच काळ लैंगिक त्रास झाला. वॉर्शॉ कामातून बाजूला झाल्या. पाठोपाठ भागीदारांमधले मतभेद आणि कलाकारांच्या थकलेल्या रॉयल्टीचा प्रश्न चव्हाट्यावर आला. २०२१ मध्ये एक्सेलरेशन म्युझिक या कंपनीने लेबल विकत घेतलं. ‘कलाकारांचं घर’ म्हणून ज्याच्याकडे पाहिलं त्याच घरात हे घडलं, याचा मला मनापासून राग आहे. संगीत चांगलं म्हणून हे विसरून जा असं मी कोणाला सांगणार नाही. लव्हलेसचा ‘इनडिस्ट्रक्टिबल मशीन’ (२०११) ऐकताना तिचा तो फाटलेला, भांडणारा आवाज आता मला वेगळाच ऐकू येतो. मालक बदलल्यानंतर तिचा २०२३ चा अल्बम पुन्हा याच लेबलवर आला, ‘नथिंग्ज गॉना स्टँड इन माय वे अगेन’. नावातच सगळं आहे. संगीत म्हणूनही तिचं सगळ्यात नेटकं काम, आणि ज्यांना जुनं काही ऐकायचं नाही त्यांनी सरळ इथून सुरुवात करायला हरकत नाही.

विकत घेण्याबद्दल. भारतात बसून एलपी मागवायचा असेल तर टपालखर्च आणि कस्टम ड्युटी मिळून किंमत दुपटीच्या आसपास जाते हे धरून चाला. माझ्या एका पार्सलचा कोपरा कुरिअरवाल्याने दुमडून आणला, तबकडी सुदैवाने शाबूत होती. मी नंतर एलपी फक्त ‘गॉन अवे बॅकवर्ड’सारख्या, आवाजाच्या पोतावर उभ्या असलेल्या अल्बमसाठीच ठेवला आणि बाकी सगळं बँडकॅम्प या संगीत विकणाऱ्या संकेतस्थळावरून फ्लॅक फाइलमध्ये (आवाजाचा दर्जा न घटवणाऱ्या) उतरवलं. संकलनं मात्र जुन्या सीडीवर मिळाली तर सोडू नका. आतली पुस्तिका वाचत ऐकलं की कोण कुठल्या बँडमधून आला हे लगेच लक्षात राहतं.

बँडकॅम्प डिजिटल विक्रीवर एरवी १५ टक्के स्वतःकडे ठेवतं, आणि ‘बँडकॅम्प फ्रायडे’ असेल त्या शुक्रवारी तो वाटा सोडून देतं. मी यादी करून ठेवतो आणि त्या दिवशी घेतो. कलाकाराचं स्वतःचं पान असेल तर तिथून, नसेल तरच लेबलच्या पानावरून. पुढच्या शुक्रवारच्या यादीत सेरा शूक अँड द डिसआर्मर्सचा ‘साइडलाँग’ आणि आलेहांद्रो एस्कोवेदोचा ‘अ मॅन अंडर द इन्फ्लुअन्स’ आहेत. दोन्ही उसने घेऊन ऐकलेत, आता स्वतःचे हवेत.