स्टीअरिंगचं प्रेशर ‘तपासून’ 18,900 रुपये उकळले

प्रेशर चेकिंग 850, ‘नवा’ पंप 14,500, ऑइल 1,350, मजुरी 2,200. एकूण 18,900 रुपये, रोख. हातात काय, तर वहीच्या कागदावरचा हिशेब.

पुणे-नाशिक रस्त्यावर आमच्या जुन्या इनोव्हाचं स्टीअरिंग जड लागायला लागलं. गाडीत म्हातारी आई, वर रणरणतं ऊन. दिसलं त्या गॅरेजला थांबलो. अशा वेळी कोण चार ठिकाणी चौकशी करत बसतं?

मिस्त्रीने स्टीअरिंग फुल लॉक करून, म्हणजे एका बाजूला शेवटपर्यंत वळवून, दाबून धरलं. ऑइलच्या जोरावर स्टीअरिंग हलकं करणारा पंप ओरडायला लागला. “ऐकलं ना साहेब? पंप गेला.” अहो, लॉकला धरलं की चांगला पंपही ओरडतो, त्याचा जादा प्रेशर सोडणारा रिलीफ व्हॉल्व्ह उघडतो म्हणून! मग गेज दाखवला. काटा 3 वर. “बघा, प्रेशरच नाही.”

तो गेज अजून डोळ्यांसमोरून हलत नाही. तबकडीवर शेवटचा आकडा 10 होता. दहा किलो, म्हणजे चौरस सेंटीमीटरला! स्टीअरिंगचा पंप जोर लावतो तेव्हा प्रेशर साधारण 70 ते 100 किलोच्या घरात जातं. खरंच जोडला असता तर तो गेज टिकलाच नसता. मी तो 10 स्वच्छ वाचला होता. पण गाडी चालवणाऱ्या किती जणांना हे आकडे ठाऊक असतात? कारागिरावर विश्वास टाकायचाच नाही का?

खऱ्या तपासणीत पंप आणि रॅक (चाकं वळवणारा भाग) यांच्यामधला हाय प्रेशर पाइप सोडून तिथे व्हॉल्व्हवाला गेज बसवतात. ऑइल गरम झाल्यावर, चालू इंजिनवर, व्हॉल्व्ह जेमतेम पाच सेकंद बंद करतात. जास्त धरला तर पंप खराब होतो. प्रेशर कंपनीच्या आकड्यापर्यंत चढलं तर पंप ठीक, दोष पुढे रॅकमध्ये. पाइप न सोडता कुणी प्रेशर सांगत असेल तर एक पैसा देऊ नका.

गावी पोहोचेपर्यंत स्टीअरिंग परत जड. तिथल्या मिस्त्रीने पेट्रोलच्या फडक्याने ‘नवा’ पंप पुसला. रंग फडक्यावर आला, खाली माझ्याच पंपाचा गंज. पंप फिरवणारा बेल्ट झिजून घसरत होता, एवढंच. मजुरीसकट 900 रुपयांत काम झालं. रस्त्यावरच्या त्या मिस्त्रीकडे जुना पार्ट मागितला होता मी, “भंगारात गेला” म्हणाला. पार्ट हातात आल्याशिवाय पैसे सोडू नका.

आणि पोलीस! एका चौकीत “हा दिवाणी मामला” म्हणून वाटेला लावलं. भारतीय न्याय संहितेतलं कलम 318 फसवणुकीसाठीच आहे ना? जुना पंप रंगवून नवा म्हणून विकणं मग दुसरं काय? वर म्हणे हद्द आमची नाही. ज्यांची हद्द, तिथे साहेब बंदोबस्ताला. अर्ज ठेवून घेतला, पोच देईनात. अंमलदार मलाच म्हणतो, “शिकलेले दिसता, बघून पैसे द्यायचे ना.” चोर गल्ल्यावर बसलाय आणि जाब मी द्यायचा? पोच घेतल्याशिवाय उठू नका, मीही पुन्हा जाणार आहे.

1915 या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार करता येते, पण हाताशी पक्कं बिल हवं. ते मागूनच घ्या, पैसे यूपीआयने द्या. ग्राहक आयोगात 5 लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही आणि दोन वर्षांची मुदत आहे. मी दावा लावतोय. या रस्त्यावर कुणाला असाच रंगवलेला पंप गळ्यात मारला असेल आणि बिल किंवा फोटो जवळ असतील, तर सांगा. एकत्र जाऊ.