केबल ठेवायची की फायबरवर जायचं? सोलापूरकरांसाठी

आमच्या घरी बराच काळ केबल टीव्ही आणि फायबरचं इंटरनेट (त्यावर ॲपमधून टीव्ही) दोन्ही चालू होतं. आता फक्त फायबर आहे, त्यामुळे माझा कल कुठं आहे ते लपणार नाही. पण केबलच्या जमेच्या बाजू आधी सांगतो, कारण आपल्या गावात त्या खऱ्याच मोठ्या आहेत.

पूर्व भागातल्या घरांत सकाळपासून तेलुगू चॅनल चालू असतं, अक्कलकोट रोडकडं कन्नड. घरातल्या म्हाताऱ्या माणसांना चॅनलचे नंबर तोंडपाठ असतात. त्यांच्या हातात ॲप दिलं की लॉगिन, ओटीपी, प्रोफाइल, आणि मग दर तासाला नातवाला हाक. दुसरं म्हणजे लोकल चॅनल. गड्ड्याच्या, म्हणजे सिद्धेश्वर यात्रेच्या, दिवसांत संमती कट्ट्यावरचा अक्षता सोहळा घरबसल्या दिसतो, आणि पाणी कुठल्या भागाला कधी सुटणार ते खालच्या पट्टीत कळतं. काही दिवसांआड पाणी येणाऱ्या गावात ही पट्टी मोलाची आहे.

पैशाचं गणित मात्र बदललंय. केबलच्या बिलात नेटवर्क फीच, म्हणजे नुसत्या जोडणीचे पैसे, 130 रुपये आणि वर 18 टक्के जीएसटी, म्हणजे 153 रुपये 40 पैसे, असा हिशेब बरीच वर्षं होता. 2024 मध्ये ट्रायनं, म्हणजे दूरसंचार नियामकानं, त्या फीवरची मर्यादाही काढली. पे चॅनलचे पैसे वेगळे. इकडं पोरांच्या अभ्यासासाठी नाहीतरी नेट घेतलेलंच असतं. मराठी बातम्यांची चॅनलं यूट्यूबवर फुकट लाइव्ह दिसतात. 2025 मध्ये हॉटस्टार आणि जिओसिनेमा एक झाल्यापासून स्टार प्रवाह आणि कलर्स मराठी एकाच ॲपवर आलं. झी मराठीसाठी झी५ आणि सोनी मराठीसाठी सोनी लिव्ह वेगळं घ्यावं लागतं; तिन्ही घेतलीत तर बचत फारशी उरत नाही, हेही खरं. पण त्याच मालिकेसाठी दोनदा पैसे कशाला, हा प्रश्न उरतोच.

तरी मी केबल सोडली ती पैशासाठी नाही, लाइटसाठी.

केबलच्या तारेत ठरावीक अंतरावर सिग्नल वाढवणारा ॲम्प्लिफायर लागतो आणि त्याला करंट लागतो. आमच्या लाइनचा डबा पलीकडच्या बोळात, एका घराच्या जिन्यातल्या बोर्डावर जोडलेला. उन्हाळ्यात दुपारी लाइट गेली की आमच्या इन्व्हर्टरवर पंखा फिरायचा, टीव्ही चालू असायचा आणि पडद्यावर ‘सिग्नल नाही’. कधी आमच्याकडं लाइट असायची, त्या बोळातला फेज गेलेला असायचा, तरी तेच. त्या घरची मंडळी गावाला जाताना जिन्यातलं बटण बंद करून गेली की चित्राचे चौकोन-चौकोन व्हायचे आणि मग थांबायचंच. केबलवाल्याला फोन केला की ‘पोराला पाठवतो’, आणि पोरगा उगवायचा संध्याकाळी. त्याचा तरी काय दोष, बटण दुसऱ्याच्या जिन्यात.

घरापर्यंत येणाऱ्या फायबरला बहुतेक ठिकाणी मध्ये वीज लागत नाही. फायबरमधला सिग्नल म्हणजे उजेड, आणि गल्लीतला स्प्लिटर तो नुसता घराघरांत वाटून देतो. राउटर इन्व्हर्टरवर टाकला की तो फारशी बॅटरी खात नाही. आता लाइट गेली तरी आमच्याकडं मॅच चालू असते. शेजारच्या केबलवर विकेट आधी पडते आणि आरडाओरडा आधी ऐकू येतो, त्याची सवय झाली. रस्ता खोदताना फायबर तुटलं की मात्र सगळंच बसतं, तेवढी तयारी ठेवा.

तुमच्या गल्लीत केबलवाल्यानं ॲम्प्लिफायरला बॅटरी दिली असेल तर माझी अडचण तुम्हाला नसेलही; डबा कुठं आहे ते एकदा विचारून घ्या. घरी दिवसभर तेलुगू-कन्नड बघणारं कुणी असेल तर त्यांच्या टीव्हीपुरतं लहान पॅकेज ठेवा आणि दुसऱ्या टीव्हीचा बॉक्स परत करा. नाहीतर सरळ फायबर घ्या. आणि आपल्याच केबलवाल्याला आधी विचारा, बरेचजण आता तेही देतात.