कपाट, टेबल, झोपाळा : घरी येऊन पॉलिश करणाऱ्या मिस्त्रींचे काम

आजीचे सागवानी कपाट, शिसवी जेवणाचे टेबल आणि ओटीवरचा फणसाचा झोपाळा या तिन्हींना एकच चकचकीत पॉलिश मारून मोकळे व्हावे, असा माझा विचार होता. यंदा जूनमध्ये ज्या मिस्त्रींना बोलावले, त्यांनी तो पहिल्याच भेटीत खोडून काढला, आणि त्यांचेच म्हणणे बरोबर ठरले.

कपाटाला त्यांनी चपडीचे पॉलिश केले. स्पिरिटमध्ये विरघळवलेली लाख, सुती फडक्यात गुंडाळलेला कापसाचा बोळा आणि एकावर एक दिलेले असंख्य पातळ हात, एवढ्यावरच हे काम चालते. पण त्यातून सागाच्या रेषा जशा आतून उजळून येतात, तशा फवाऱ्याने मारलेल्या जाड थरातून मी कधी पाहिल्या नाहीत. शिवाय नवा हात जुन्या थरात विरघळून एकजीव होत असल्याने ओरखडा पडला तरी तेवढीच जागा दुरुस्त करता येते. गरम भांड्याने मात्र त्यावर पांढरा डाग उठतो, म्हणूनच टेबलासाठी त्यांनी मॅट पीयूचा, म्हणजे पॉलियुरेथेनच्या बिनचकाकीच्या पॉलिशचा, आग्रह धरला. 120, 180 आणि शेवटी 320 नंबरच्या पेपरने रेषांच्या दिशेनेच घासलेल्या त्या टेबलावर गेल्या आठवड्यात आमटी सांडली. ओल्या फडक्याने पुसल्यावर हळदीचा पिवळेपणासुद्धा मागे राहिला नाही.

झोपाळ्याला जवसाचे तेल लावले. ते दरवर्षी पुन्हा लावावे लागेल, पण त्याचे पापुद्रे सुटत नाहीत. तेलाचे बोळे एकत्र पडून राहिले तर आपोआप तापून पेट घेऊ शकतात, म्हणून मिस्त्रींनी ते सुटे करून वाळत घातले, ही काळजी मला फार मोलाची वाटली.

तक्रार एकच, पण ती गंभीर आहे. कपाटाच्या डाव्या दाराला त्यांनी संततधार पावसात हात दिला. स्पिरिट उडताना पृष्ठभाग थंड होतो आणि दमट हवेतील ओल थरात अडकते. दुसऱ्या दिवशी दारावर दुधाळ झाक आली होती. उघडीप मिळाल्यावर त्यांनी स्पिरिटचा हलका बोळा फिरवून ती घालवली, मात्र त्या दिवसाची मजुरी वेगळी घेतली, जे मला मुळीच पटलेले नाही. चपडीचे काम करून घ्यायचे असेल तर त्यांना दिवाळीनंतरच बोलवावे आणि अशा दुरुस्तीची मजुरी कोणाकडे, हे आधीच ठरवून घ्यावे.