शाळेच्या ग्रंथालयासाठी कोणते सॉफ्टवेअर: ई-ग्रंथालय की कोहा?

खर्च: एनआयसीचे (केंद्र सरकारच्या राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राचे) ई-ग्रंथालय सरकारी ग्रंथालयांना मोफत. ४.० आवृत्ती क्लाउडवर चालते. सर्व्हर नको, पण इंटरनेट गेले की देवघेव थांबते. कोहा मुक्तस्रोत (ओपन सोर्स), म्हणून तेही फुकट; मात्र लिनक्स सर्व्हर आणि बॅकअप सांभाळणारा माणूस लागतो. खरा खर्च तिथे.

नोंदी: कोहात मार्क २१ (पुस्तकाची माहिती क्रमांकाच्या रकान्यांत भरण्याची पद्धत) शिकावेच लागते: रकाना १०० मध्ये लेखक, २४५ मध्ये शीर्षक. आडनाव कधी आधी, कधी नंतर लिहिले की एकच लेखक दोनदा दिसतो. ही गफलत दोन्हीकडे होते. आधी लेखननियम ठरवा, मगच दाखल नोंदवहीच्या (आलेली पुस्तके क्रमांक देऊन लिहिण्याच्या वहीच्या) क्रमाने नोंदी भरा.

सरकारी शाळा, ग्रंथपाल अर्धवेळ: ई-ग्रंथालय. खासगी शाळा, लिनक्सचा जाणकार हाताशी: कोहा. चार-पाचशेच पुस्तके? नोंदवही पुरे.