पहिली सायकल: आधारचाकांची की बिनपेडलची?

तीन ते पाच वर्षांच्या मुलासाठी सायकल घेताना दुकानात चर्चा रंगाची आणि किमतीची होते; मूल त्या सायकलवर नेमके काय शिकणार, हे मात्र क्वचितच विचारले जाते.

आधारचाकांच्या सायकलवर मूल लवकर पेडल मारू लागते आणि आलटूनपालटून पायांत जोर लावण्याची लय त्याला साधते. तोल मात्र ते फारसा शिकत नाही, कारण मागची दोन छोटी चाके सायकलला कलूच देत नाहीत. दुचाकी वळताना आतल्या बाजूला झुकते; आधारचाकांवरच्या मुलाला मात्र बाहेरच्या बाजूला झुकण्याची सवय लागते आणि ती पुढे मोडावी लागते.

बिनपेडलच्या सायकलवर मूल आधी चालते, मग धावते आणि एके दिवशी दोन्ही पाय उचलून काही क्षण तसेच पुढे जाते. त्या क्षणांत आतल्या कानातील तोलाचे इंद्रिय, डोळे आणि स्नायू-सांधे यांच्याकडून येणाऱ्या संदेशांचा मेळ मेंदूला घालावा लागतो. तोल सांभाळणे म्हणजे हेच. भीती वाटताच पाय टेकता येतात, म्हणून बिचकणाऱ्या मुलासाठी मी निःशंकपणे हीच सुचवेन. (जर्मन संशोधक कार्ल फॉन ड्राइस यांची १८१७ सालची दुचाकीही बिनपेडलचीच होती.) सीट एवढीच उंच ठेवावी की दोन्ही तळवे सपाट टेकून गुडघे किंचित वाकलेले राहतील. अशा अनेक सायकलींना ब्रेक नसतो, त्यामुळे उतार कटाक्षाने टाळावा.

दोन सायकलींचा खर्च नको असेल, तर लहान चाकांच्या साध्या सायकलची पेडल काही महिने काढून ठेवता येतात. डाव्या पेडलचे आटे उलटे असल्याने ते घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरवल्यावर सैल होते. मात्र सायकल हलकी हवी. सोळा किलोच्या मुलाला आठ किलोची सायकल सावरायला लावणे अन्यायाचे आहे.

घराजवळ सायकलपुरती मोकळी जागाच नसेल, तर खरेदी खुशाल लांबवावी. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये तीन-चार वर्षांच्या मुलांसाठी दिवसाला किमान १८० मिनिटांची हालचाल सुचवली आहे, त्यातील किमान ६० मिनिटे दमवणारी. ती केवळ सायकलने भरून निघणार नाही. चौथ्या वर्षाच्या सुमारास बहुतेक मुलांना एका पायावर काही उड्या जमू लागतात, तेव्हा अंगणात किंवा गच्चीवर लंगडी सुरू करावी आणि दोन्ही पायांना आळीपाळीने संधी द्यावी.